मागच्या खोलीचा ताबा

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसायाने ध्वनितंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कलम चार वाचताना तो कोणाला तरी पुन्हा पाहावासा वाटेल.

निमित्त असे की, उद्या माझ्या स्वरयंत्रावरची गाठ काढणार आहेत. सर्जनबाई म्हणाल्या, "जिवाला तसा धोका नाही. आवाजाचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

१. बँकेतली शिल्लक वहिनीला. दादाला नाही. घर वहिनी चालवते, दादा भाषणे देतो.

२. मायक्रोफोन आणि सभागृहांचा घुमारा मोजायची यंत्रे माझ्या कामातल्या जोडीदाराला. तो झाकणे उघडी ठेवतो. यापुढे लावावीत.

३. मोठ्या आत्याचा लोखंडी पलंग या यादीत नाही. तो माझा होता. दादाने मला न विचारता भंगारात घातला, वर म्हणाला, "गंजला होता गं." नोंद असावी.

४. भाषा. आमच्या घराण्याची पूर्वापार भाषा म्हणून दादा व्यासपीठांवरून जी सांगतो, ती मोठ्या आत्याने रचलेली आहे. ती मला शेवटच्या आजारपणात म्हणाली, "पूर्वज कुठले आलेत? लहानपणी टायफॉइड झाला, आईनं मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. बोलायला कुणी नव्हतं, मग केली एक." पुढे तिने ती मला शिकवली, आत्याकडून भाचीकडे. दादाने दाराआडून ऐकून उचलली.

तिच्यात 'मी' हा शब्द नाही. बोलतंय कोण हे आवाजावरून कळलेच पाहिजे, असा आत्याचा हट्ट होता. भूतकाळ नाही. खोलीत असलेल्याशी श्वास सोडत बोलायचे, नसलेल्याशी श्वास आत ओढत. आत ओढलेल्या श्वासावरचा आवाज घशात खोल, खरखरीत उमटतो. माणूस गेले की उंबऱ्यात उभे राहून त्याचे नाव एकदा असे आत ओढून घ्यायचे. तो निरोप. तोपर्यंत ते माणूस घरातच.

आत्या गेली त्या दिवशी दादाने लोकांसमोर, मागच्या खोलीच्या उंबऱ्यात, हा निरोप दिला. शब्द बरोबर होते. श्वास मात्र त्याने सोडला. दाराआडून श्वास कुठे दिसतो? सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याला त्याने निरोप दिला नाही, बसवून घेतले.

एका आजारी मुलीने रचलेला नियम भिंतींनी का पाळावा, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मोजमाप आहे. रिकाम्या खोलीत आवाज जास्त घुमतो. माणूस बसले की घुमारा घटतो, कारण अंग आणि कपडे आवाज पितात. पलंग गेला, खोलीत काही उरले नाही, तरी घुमारा एका माणसाइतका कमी येतो. यंत्र बदलले, खिडकी बंद केली, उघडी ठेवली. तेवढाच कमी.

चूक मी कधीही दुरुस्त करू शकले असते. केली नाही. मी तिथे बसून काम करत असे. सोबत होती.

५. मागची खोली, आणि तिच्यासह हे घर, दादाच्या मुलीला, जिला आम्ही ठिपका म्हणतो. वकीलबाईंनी मसुद्यात लिहिले होते, 'रिकामा आणि निर्वेध ताबा'. मी म्हटले, "रिकामा हा शब्द काढा."

"का? भाडेकरू आहे का कुणी?"

"भाडेकरू नाही."

"मग राहू दे की."

मी तो खोडला.

गेल्या आठवड्यात ठिपका मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने आत पाहून श्वास सोडत एक शब्द म्हटला. इल्वो. म्हणजे 'खाली बस'.

"कुणी शिकवलं गं?"

"आत्यानं."

"मी कुठे शिकवलं?"

"तू नाही गं! मोठीनं."

ती चार वर्षांची आहे. मोठी आत्या तिच्या जन्माआधीच गेली. उद्यानंतर तो खरखरीत आवाज माझ्या घशातून निघेल याची खात्री नाही. मग उंबऱ्यात उभे राहणे तिच्या वाट्याला येईल. हे मी कोणाच्याही नावे करू इच्छित नाही.

म्हणून आज, साक्षीदारांना पुढच्या खोलीत बसवून, मी उंबऱ्यात उभी राहिले आणि आत्याचे नाव आत ओढून घेतले. एकदाच. साक्षीला आलेल्या घड्याळजी काकांनी बाहेरून विचारले, "ठसका लागला का? पाणी आणू?" मी नको म्हटले. मग यंत्र लावले. घुमारा रिकाम्या खोलीचा आला. मी पुन्हा मोजले नाही.

ठिपका माझ्या मागेच होती. म्हणाली, "मी आता त्या कोपऱ्यात खेळू? जागा झाली."

६. आत्याच्या भाषेची माझ्याकडची ध्वनिमुद्रणे मी पुसली आहेत. ठिपकाला ही भाषा कोणी शिकवू नये. तिने स्वतःची रचली तर कोणी अडवू नये, आणि दादाने दाराआड उभे राहू नये.

७. कलम पाचमध्ये खोडलेला शब्द मी माझ्या हाताने पुन्हा लिहीत आहे आणि त्याशेजारी वेगळी सही करत आहे. ठिपकाला खोलीचा रिकामा आणि निर्वेध ताबा मिळावा.

साक्षीदार (वहिनीला लाभ मिळत असल्याने तिला घेतलेले नाही) :
तळमजल्यावरचे घड्याळजी काका — सही
वकीलबाई — सही

लिहून देणार — सही

स्थळ : घराची पुढची खोली, मागचे दार उघडे
दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस