बार्लिंग रस्त्यावरची हाक

साउथ बार्लिंग, नॉरफोक
गुरुवार, १६ ऑक्टोबर

प्रिय रॉय,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे थेट शेगडीत टाकलं नसशील, असं धरून लिहिते. वर्षभरात पाठवलेली दोन कार्डं तू न उघडता परत केलीस. तुझा हट्ट मला नवा नाही, लहानपणी तू बोलणं टाकलंस की आईलाच मध्ये पडावं लागायचं.

इकडे मी बरी आहे. सफरचंदं यंदा इतकी लागलीत की मला टोपली घेऊन येताना पाहिलं की शेजारी दारं लावून घेतात. शेतांतून साखरेचं बीट निघायला लागलंय, साखर कारखान्याच्या लॉऱ्या दिवसभर चालू आहेत, रस्त्यावर चिखलाचा थर आहे. तुझी काठी सुटली असं जेमाकडून कळलं. खरं ना? की बापाचं कौतुक म्हणून सांगते?

जेमाबद्दलच लिहायचंय. रविवारी सायकल क्लबची शरदातली सफर आहे आणि ती येतेय, हे तिने तुला सांगितलं नसेल. तुझी सायकल तिने दुरुस्त करून घेतली. पुढचा फोर्क नवा, टायर नवे. परवा माझ्या अंगणात चकरा मारत होती, तर मला क्षणभर तूच वाटलास. तशीच खांदे पाडून बसते. पहिलीच वेळ, म्हणून क्लबची रांग लावणाऱ्या ट्रेव्हरने तिला माझ्या मागे, दुसऱ्या नंबरावर ठेवलंय. सफरीची प्रमुख यंदाही मीच. अठ्ठावीस जण आहेत.

वाट मीच आखली. चर्चमागच्या चुनखडीच्या गाडीवाटेने वर, मग पाइनच्या रानातली वाळू, जुन्या रेल्वेमार्गावरची खडी, मधे गावच्या हॉलमध्ये चहा आणि ब्रेड पुडिंग. सगळं सोपं, चढ म्हणावा असा एकही नाही. शेवटी बार्लिंगचा मोठा रस्ता आडवा ओलांडून घरी. हो, तू पडलास तोच.

क्लबचा नियम तुझ्या हाडात मुरलेला आहे, नकाशावर आखलेली वाट कुणीतरी त्याच हंगामात स्वतः फिरून आल्याशिवाय बाकीच्यांना द्यायची नाही. म्हणून सोमवारी मी एकटी फिरून आले. सुरेख ऊन होतं. रानातून तितर उडाले, एक फाटक नव्याने बसवलंय त्याची नोंद केली. दुपारी तीनच्या सुमारास बार्लिंग रस्त्याशी आले. थांबले, पाय टेकवला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. रस्ता स्वच्छ मोकळा. मागे कुणी नसताना सवयीने तोंडातून "मोकळं!" अशी हाकही निघाली आणि मी पेडल मारलं.

हॉर्न वाजला. बीटने भरलेली लॉरी डावीकडून माझ्या पुढच्या चाकासमोरून हातभर अंतरावर गेली. तिचा वारा तोंडावर बसला. मी तशीच मागे पडले आणि चिखलात बसून राहिले. मला उठताच येईना. लॉरी घराएवढी होती आणि मला ती दिसली नव्हती.

तेव्हापासून मी भ्यालेली आहे. किटलीतून पाणी ओतताना भिते, जिना उतरताना भिते. दुकानात कुणी डाव्या बाजूने "काय मॅरियन!" म्हटलं तरी दचकते. घरात डावीकडच्या भिंतीला हात लावून चालते.

काल जेमा आली होती. तिला मी रस्ता ओलांडायची पद्धत समजावली. पुढचा थांबतो, दोन्हीकडे बघतो, "मोकळं!" म्हणून ओरडतो आणि निघतो. मागच्याने माना वळवत बसायचं नाही, हाकेवर सुटायचं, नाहीतर चाक वाळूत रुततं आणि मागची रांगच्या रांग कोलमडते. ती म्हणाली, "आत्या, काळजी नको करूस. मी बाबांसारखा उतावळेपणा नाही करणार. तुझी हाक ऐकल्याशिवाय पेडलवर पायसुद्धा ठेवणार नाही."

मी म्हटलं, "शहाणी आहेस." आणि तिला केक दिला.

रॉय, मी हे पत्र सोमवारपासून चार वेळा लिहिलंय आणि चारही वेळा इथेच पेन ठेवलंय. आता ठेवत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे तुझ्या अपघाताच्या सात महिने आधी, चष्म्याच्या दुकानातल्या बाईने मला सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू दिसतोय, डावा जास्त, कडेची नजर गेलीय. हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. ती मी ड्रॉवरमध्ये टाकली. गेले असते तर गाडीचं लायसन्स गेलं असतं, आणि या गावातून बस आठवड्यातून दोनदा. सफरीही गेल्या असत्या. शिवाय मला सगळं दिसतच होतं. हीच त्या रोगाची लबाडी आहे. दिसत नाही तिथे काळं दिसत नाही, तिथे मोकळा रस्ता दिसतो.

त्या दिवशी मी "मोकळं" म्हणाले होते. मोठ्याने म्हणाले होते. तू बरोबर ऐकलंस. मी ओलांडून गेले आणि डावीकडून आलेली व्हॅन तुझ्यावर आली. तू रस्त्यावर पडलेला, पाय भलतीकडे वळलेला, आणि ट्रेव्हरने विचारलं, "मॅरियन, हाक दिली होतीस का?" मी म्हटलं, "अजून नव्हती दिली. हा थांबलाच नाही." तू खालून माझ्याकडे बघत होतास. मग पोलिसांनाही मी तेच सांगितलं. वाऱ्यामुळे मागच्यांना काही ऐकू आलं नव्हतं, आणि रॉय उतावळा हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. तुझी मुलगीसुद्धा तेच मानते. ते तिला मीच शिकवलं.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. मी तुझा पाय मोडला आणि वर तुझं नावही घालवलं.

आज चार वाजता जेमा केकचे डबे न्यायला येणार आहे आणि मग तुझ्याकडे जेवायला. हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. इथेच, माझ्यासमोर, आधी तिने वाचायचं आणि मग तुला आणून द्यायचं, असं ठरवलंय. ट्रेव्हरला फोन करता आला असता, तब्येतीचं कारण सांगून सफर सोडता आली असती. मग पुढच्या वेळी मी पुन्हा पुढे उभी राहिले असते. मी स्वतःला ओळखते. जेमाने वाचलं की मला कुणाच्याही पुढे उभं राहता येणार नाही.

लॉरीची भीती वाटली, त्यापेक्षा जेमाच्या चेहऱ्याची जास्त वाटतेय.

फाटक वाजलं. आली. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. ती हाक मारतेय, "आत्या, आहेस का?" आणि मला ती कुठे उभी आहे ते दिसत नाहीये. डावीकडे असावी. मी "ये" म्हणते.

तू खरं ऐकलं होतंस, हे आता जेमालाही कळू देणारी,
तुझी बहीण,
मॅरियन