साहेबांच्या नावाची मूठ

१० मार्च १९९७, गांधीनगर

वाचलं! अख्खं अंदाजपत्रक वाचलं! थोरले अर्थमंत्री छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात, त्यामुळे भाषण राज्यमंत्र्याच्या — म्हणजे माझ्या — हातात आलं. सुरतेच्या नवागामात लूमवर मुकादमी करणारा योगराज राज्याचा जमाखर्च सांगतोय! सचिवसाहेबांनी कागदावर जिथे जिथे ‘थांबा’ लिहिलं होतं तिथे मी पाणी प्यालो. लोकांना वाटलं, काय गंभीर माणूस आहे. माझ्या खानदेशी वळणाच्या गुजरातीला मागच्या बाकांवरचे हसले. हसू देत.

‘महसुली तूट’ बरेचदा आली. ती काय असते ते अजून नीट कळलेलं नाही. सचिवसाहेब म्हणाले, “चिंता नको साहेब, ती दरवर्षी असते.” बायकोला, मंगलाला, फोनवर विचारलं. ती म्हणे, “आपल्या घरात तिला उधारी म्हणतात.”

शेवटी शेवटी माझं वाक्य होतं. नवागामला दहा खाटांचा दवाखाना! ते मात्र पाणी न पिता वाचलं.

१३ मार्च, सुरत

पेढे घेऊन दादाकडे गेलो. चिंधादादा, माझा थोरला भाऊ, अजून लूमवरच आहे. पेढा हातात धरून बसला, तोंडात घालेना. शोभावहिनीच्या फोटोकडे बघत राहिला. उलट्या-जुलाब झाले होते तिला. रेल्वेचं फाटक बंद, सिव्हिल हॉस्पिटल पलीकडे — रिक्षातच गेली बिचारी. निवडणुकीत दादानं दारोदार फिरून एकच सांगितलं होतं, “योगराज दवाखाना बांधई.” त्यावर निवडून आलो मी.

“आते तरी व्हई ना रे भाऊ?”

“व्हई म्हणजे काय, दादा! छापून आलंय!”

दादा रडला. मीही रडलो. खरंच रडलो.

२ मे

गाडीला लाल दिवा मिळाला. ड्रायव्हरला सांगितलं, दिवसासुद्धा लाव.

२१ जून

मोठ्या साहेबांचा — मुख्यमंत्र्यांचा — स्वतःचा फोन! सुरतेत उद्योगमेळा भरवायचाय. मंडप एअरकंडिशन्ड पाहिजे. पैसा अर्थखात्यानं बघावा.

सचिवसाहेब फाइल घेऊनच आले. “साहेब, नवागामच्या दवाखान्याची रक्कम पडूनच आहे. रद्द नाही करायची. फक्त वळवायची.” किती सभ्य माणूस! वळवलेली गोष्ट परतही वळवता येते की. पुढच्या वर्षी आणू वळवून. सही केली.

मोठे साहेब म्हणाले, “योगराजभाई, तमे तो घरना माणस छो.” थोरले मंत्री काही परत कामावर येत नाहीत म्हणे. म्हणजे ती खुर्ची... नको. आत्ताच नको लिहायला.

९ जुलै

दादाला कुणीतरी सांगितलंच. सुरतेच्या बंगल्यावर आला. फाटकावरच्या शिपायानं त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवलं, मला पत्ताच नाही. आत आला तो सरळ विचारलं, “सही तू करी?”

मी म्हटलं, “दादा, ही तांत्रिक बाब आहे.” सचिवसाहेबांचं वाक्य. तोंडातून निघालं आणि माझी मलाच लाज वाटली. दादानं चहासुद्धा घेतला नाही.

२७ जुलै

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कुलदेवी बसते, कानबाई. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सुपात गव्हाची मूठ टाकायची, त्या पिठाचे रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला कण द्यायचा नाही, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. लांब असलेल्याचीही मूठ पडते. पुतण्या लखन दुबईला आहे, त्याची पडते. चुलतभाऊ छगन मारामारीत तुरुंगात गेला, तरी दादानं त्याची मूठ कधी चुकवली नाही.

तर माझ्या डोक्यात आलं — यंदा कानबाई बंगल्यावर! मोठ्या साहेबांच्या नावाची मूठ! त्यांनीच म्हटलंय ना, घरना माणस! सचिवसाहेबांची मूठ, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांची मूठ, पक्षाच्या जिल्हाध्यक्षांची मूठ...

मंगला म्हणाली, “अहो, डोकं ठिकाणावर आहे का? कानबाई मोठ्याच्या घरी असते. आणि रोट परक्याला?”

“मूठ टाकली की परके कसले? भाऊबंद!”

“मग त्यांच्याकडे कुणी गेलं तर सुतक पाळाल?”

बायकांना राजकारण कळत नाही.

३ ऑगस्ट

दादा कानबाईचा नारळ देईना. तीन पिढ्या देवी म्हणून पुजलेला नारळ. “कानबाई आठेच ऱ्हाई, मन्हा घरमा,” एवढंच बोलला आणि लूमवर निघून गेला. राहू दे! भागळच्या बाजारातून नवा आणवला. चांगला मोठा. सोनाराकडून चांदीचे डोळे करून घेतले.

१० ऑगस्ट, रविवार

मंगला सकाळीच नवागामला गेली. रिक्षानं! मंत्र्याची बायको!

मुठी मग मीच टाकल्या. एकेका साहेबाचं नाव मोठ्यानं घेऊन. एकाचं नाव राहिलं आणि उद्या त्याला कळलं तर? म्हणून जी आठवली ती सगळी घेतली. सूप भरलं, दुसरं आणलं.

मोठे साहेब आले. घास मोडला, “बहु सरस” म्हणाले, फोटो झाला, गेले. मधुमेह आहे म्हणे. सचिवसाहेबांनी आपला रोट रुमालात बांधून घेतला — नंतर तो तुळशीच्या कुंडीमागे सापडला. कारखानदारांपैकी एकानं विचारलं, “शीरो नथी?”

११ ऑगस्ट

रोटांच्या तीन टोपल्या उरल्यात.

१३ ऑगस्ट

सकाळी रोट दुधात, दुपारी तुपात, संध्याकाळी गुळाशी. मी एकटा. नवागामला सरकारी जीप पाठवली, भाऊबंदांना घेऊन या म्हणून. रिकामी आली. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणतो, “साहेब, ए लोको कहे छे, अमारा रोट अमारा घरे.”

टाकता येत नाहीत. परक्याला देता येत नाहीत. पुढच्या वर्षात ढकलता येत नाहीत. सचिवसाहेबांना सहज बोललो, तर म्हणतात, “वळवता येतील का?” थोबाडीत द्यावीशी वाटली.

मंगला तिकडेच आहे. घर खायला उठतं.

१६ ऑगस्ट

पहाटेपासून उलट्या-जुलाब. पुढे पोलिसांची गाडी, सगळे चौक मोकळे, लाल दिवा. सिव्हिलला कधी पोचलो कळलंसुद्धा नाही. दारातच तीन डॉक्टर उभे. सलाइन लागलं तेव्हा शोभावहिनीची आठवण आली. फार आठवण आली. तोंड भिंतीकडे करून पडलो होतो, कुणी बघू नये म्हणून.

१८ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

कॅबिनेट!! अख्खं अर्थखातं माझं! मोठ्या साहेबांचा फोन दवाखान्यात खाटेवरच आला. माणसांची रीघ लागली. हार घालायला मान उचलवत नव्हती, म्हणून लोक हार अंगावरच ठेवून पाया पडून गेले. सचिवसाहेब म्हणाले, दवाखान्याच्या विषयाचाही ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ करू. रोटांचं काय झालं ते कुणाला विचारलं नाही.

दादाला निरोप पाठवलाय. आता तरी येईल.

१९ ऑगस्ट

दादा आला नाही. मंगला पेज घेऊन आली. कानबाईच्या रविवारी नवागामात मुठी टाकल्या त्याचं सांगत होती. लखनची टाकली, तुरुंगातल्या छगनची टाकली. माझी नाही. मंगलानं दादाचा हात धरला, म्हणाली, दादा, यांची राहिली.

दादा म्हणाला, “मूठ जित्ता माणूसनी टाकतस.”