चार मिनिटं आठ सेकंद

लोणार,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. हरिओम यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडली आहे, तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, दुकानात लग्नाचे ब्लाऊज साचले आहेत आणि आईचा गुडघा थंडीत जसा वागतो तसाच वागतो आहे. तू पुण्यात बरा असशील. व्हिडिओतल्या आवाजावरून तरी बरा वाटतोस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. म्हणून आज पोस्टात जाणार आहे. स्पीड पोस्टानं हे गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण त्याला जरा कष्ट पडतात.

आधी तुझं कौतुक. ‘नक्षत्रपार’च्या चौथ्या भागावरचा तुझा व्हिडिओ आठ लाख लोकांनी पाहिला. पेपरवाल्यांनी या सिनेमाला दोन-दोन तारे देऊन हात झटकले, पण तू त्याची जी पिसं काढलीस त्याला तोड नाही. एका पेपरात तर आलं होतं की विवरातलं तळं संगणकावर केलेलं आहे हे शाळकरी पोरालाही कळेल. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्याले म्हणा, ये एकदा अन् वास घेऊन पाह्य.”

तूही काही कमी नाहीस. ‘चित्रीकरण महाराष्ट्रातल्या एका विवराजवळ झालं आहे’ म्हणालास. एका विवराजवळ. ऐकून माझ्या बोटात सुई घुसली. ज्या विवराच्या काठावर तू सायकल शिकलास, त्याचं नाव घ्यायला जीभ जड झाली का रे? आणि ‘परग्रहवासी जुन्या चादरी गुंडाळून फिरतात’ हेही तुझंच वाक्य. त्या एकशेचाळीस चादरी मी शिवल्या आहेत. मांजरपाट होतं ते. राखाडी रंगात दोनदा बुडवलेलं. माझे हात पंधरा दिवस राखाडी होते.

असो. मी भांडायला बसले नव्हते.

जानेवारीत ते सिनेमावाले आले, तेव्हाची ती सकाळ मला अजून मधूनच येऊन गाठते. मशीन चालवता चालवता पाय थांबतो. धुकं इतकं होतं की तळं दिसत नव्हतं, नुसता मोरांचा आवाज खालून वर येत होता. आम्हा सगळ्यांच्या तोंडाला राखाडी रंग फासलेला, अंगात ते पायघोळ झगे. रोज बाजारात कोथिंबिरीवरून घासाघीस करणाऱ्या बाया, पण एकमेकींना ओळखू येईनात. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मला वाटलं, आपण सगळ्या कधीच्याच मेलो आहोत आणि बरं चाललं आहे.

आईही होती.

हे तुला माहीत नाही. तुला कळू द्यायचं नाही, असं तिनंच मला बजावलं होतं. माणसं हवीत म्हणून गावात दवंडी झाली, तेव्हा पहिलं नाव तिनं दिलं. गुडघा असा, आणि चालायचं विवराच्या काठानं. मी नको म्हटलं. तर म्हणाली, “तो हा सिनेमा पाह्यन ना? याचे तिन्ही भाग पाह्यले त्यानं. मंग चौथाबी पाह्यन. मी त्यात असली तर मले पाह्यन.”

हरिओम, आपली आई सिनेमे पाहत नाही. पण तुझे सगळे व्हिडिओ ऐकते. मामांच्या राखीच्या लग्नात चार माणसांत ती बोलून गेली, “त्याचं काय सांगू, तो मोबाईलशी बोलते,” आणि तू जेवणाच्या पंगतीतून उठून गेलास, तो पुन्हा घरी आलाच नाहीस. त्याला अडीच वर्षं झाली. त्या एका वाक्याचं तिनं काय करून घेतलं ते तुला दिसत नाही. रोज दुपारी माझा फोन मांडीवर ठेवून ती तुला ऐकते. पटकथा सैल आहे, संकलन ढिसाळ आहे, असलं काय काय तिला पाठ झालं आहे. परवा माझ्या वरणाला म्हणाली, “दुसऱ्या अर्ध्यात पडलं.”

तर त्या सकाळी सिनेमाच्या दिग्दर्शकानं आम्हाला दूरचा एक बांबू दाखवला. त्याला लाल फडकं बांधलं होतं. म्हणाला, हेच यान. नायक त्यात बसून तुमचा ग्रह कायमचा सोडून चालला आहे. यान सावकाश वर जातं आहे, तुम्ही चालत चालत त्याला निरोप द्या. हातांचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. कुणी हात जोडले, कुणी हलवले. आईनं हात पुढे केला, तळवा खाली, आणि हवेत तीन थोपट्या दिल्या.

बाबा एसटीवर ड्रायव्हर होते तेव्हा मेहकरची पहिली गाडी निघताना ती स्टँडवर रोज असंच करायची. हळू, हळू, हळू. बाबा गेल्यावर तुझी पुण्याची गाडी. ड्रायव्हर कोण आहे, तो बघतो आहे की नाही, याच्याशी तिला घेणंदेणं नसे. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात तसाच राहायचा. तिच्यासमोर कुठलंही वाहन निघालं की तिचा हात आपोआप तसा जातो, मग ते आभाळात जाणारं का असेना. दिग्दर्शकाला ते आवडलं. कॅमेरा तिच्या बाजूला आणला आणि पुन्हा करायला लावलं.

नोव्हेंबरात आम्ही दोन जीप करून जालन्याला गेलो. आई नवं लुगडं नेसली होती. पडद्यावर आपलं तळं एवढं मोठं, गुलाबी, आणि त्याच्या काठावर ती. तोंड दिसत नाही, रंगच रंग. पण पाय टाकायची तऱ्हा, आणि तो हात. अख्खी रांग ओरडली. ती मात्र पडद्याकडेच बघत राहिली. परतताना सिंदखेडराजाच्या पुढे कधीतरी, बाहेर कपाशीचं पांढरं रान पळत असताना, तिनं विचारलं, “हरिओमनं पाह्यला असन का?”

मी म्हटलं, पाहिला. फोन आला होता मला. म्हणाला, आईला पहिल्या झटक्यात ओळखलं.

“मंग माह्याशी काऊन नाही बोलला?”

मी म्हटलं, त्याचा गळा दाटला होता.

का म्हटलं असेन मी? तिचा चेहरा अर्धा काचेकडे होता आणि त्यावर रान सरकत होतं. त्या वेळी दुसरं काही तोंडात आलंच नाही. पुढच्या दोन दिवसांत तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं. आणि तिसऱ्या दिवशी तुझा व्हिडिओ आला. ‘चार मिनिटं आठ सेकंद’. निरोपाचा तो प्रसंग किती लांबला ते नावातच. “आणि ती एक बाई बघा. हात पुढे करते आणि हवा थापते. भाकरी करते आहे की यान जमिनीत दाबते आहे? तीनदा. मोजून तीनदा.”

मी फोन लपवला. नेटचा पॅक संपला म्हटलं, दुकानात विसरला म्हटलं. बारा दिवस.

तिकडे तुझे ते चाहते एकमेकांच्या उरावर बसले होते. एक गट म्हणतो, तीन थोपट्या म्हणजे त्या ग्रहाचे तीन सूर्य. दुसरा म्हणतो, दुसऱ्या भागात मेलेले तिघे. अर्धे म्हणतात सिनेमा वाया गेला, अर्धे म्हणतात तेवढ्या एका हातासाठी चारदा पाहिला. गेल्या रविवारी औरंगाबादची आठ-दहा पोरं-पोरी राखाडी झगे घालून आली, विवराच्या काठावर ओळीनं उभी राहिली आणि हवा थापू लागली. आई हरभऱ्याची भाजी खुडून त्याच वाटेनं येत होती. थांबली, बघत राहिली. मग एका पोरीजवळ जाऊन तिचं मनगट धरून खाली घेतलं. “इतका वर नाही बाई. गाडीवाल्याले दिसला पाह्यजे.” पोरगी हसली. तिला काय कळणार.

आता बातमी आली आहे की प्रेक्षकांच्या तक्रारींमुळे शुक्रवारपासून सिनेमा छोटा करून दाखवणार. तो निरोप पूर्ण जाणार. यात तुझा मोठा वाटा आहे असं सगळे म्हणतात.

हे सगळं लिहून झालं तरी जे लिहायला बसले ते राहिलंच आहे.

काल दुपारी घरी आले तर आई शेजारच्या पायलच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. सुपाशेजारी पायलचा फोन, आणि फोनमधून तू. भाकरी करते आहे की यान जमिनीत दाबते आहे. मी ओट्याशी आले. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, “ये. बस. चांगलं बोलते न तो?”

मी विचारलं, कधीपासून ऐकते आहेस?

“पह्यल्याच दिवशी ऐकला म्या.”

मग मला बोलली का नाहीस?

“तू इतक्या मायेनं खोटं बोलून राह्यली होती, तुले काऊन तोंडघशी पाडू?”

मला रडू आलं. ती शेंगा सोलतच होती. मग म्हणाली, “तिथं शंभरावर बाया होत्या, अर्पिता. त्याचं ध्यान माह्याच हाताकडे गेलं. मोजलं त्यानं. अन् तीनदा म्हणून झाल्यावर आवाज बसला पाह्य त्याचा.”

मी म्हटलं, तसं काही नाही, तुला वाटतं.

रात्री मी फोन घेऊन बसले. इतक्या लोकांनी तुझा शब्द न् शब्द चघळला, पण एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही. ‘तीनदा’ म्हणेपर्यंत तुझ्या मागच्या खिडकीत ऊन आहे. पुढच्या वाक्याला खिडकी काळी आहे आणि ट्यूबलाइट लागलेली आहे. मधले ते तास तू काय करत होतास, हरिओम?

मला उत्तर नको. मला भीती वाटते उत्तराची. ओळखलं नसशील तर अडीच वर्षांत आईचा हात विसरलास, आणि ओळखलं असशील तर दिवा लावून पुन्हा बसलास आणि तो विनोद तसाच ठेवलास. दोन्हीतलं कमी वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही. तिला ठरवायचंच नाही. आज सकाळी तिनं तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली.

शुक्रवारी ते तो प्रसंग कापतील. कापू देत. त्यातली बाई इथे आहे, तिचं तोंड आता धुतलेलं आहे आणि ते ओळखायला कुणाला चार मिनिटं लागणार नाहीत. ओळखलं नसशील तर ये. ओळखलं असशील तर त्याच्याही आधी ये.

आईला जन्मात एकच मोठं खोटं सांगितलं, आणि ते तू खरं करशील म्हणून दाराकडे बघत बसलेली,
तुझी,
ताई