सातव्या धड्यातले चौसष्ट शब्द

खोत्सेन, शुक्रवार, १८ जून १९९३

ती. द्राहोमीरा ताईस,

ओल्दाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढंच वाकलोय, उरलेलं तू मनाने भरून घे). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस, की नुसतं कपाटात जपून ठेवतेस? भावोजींना नमस्कार, त्यांच्या कॅनरी पक्ष्यांना शीळ. तू पाठवलेल्या काकडीच्या तीन बरण्या पोचल्या, म्हणजे एक पोचली आणि दोन पोस्टमनच्या पिशवीत फुटल्या. आमच्या गल्लीत हल्ली विजेचं बिल आलं तरी त्याला शेपूचा वास येतो.

आता मुद्द्याचं. घर विकून ओलोमौत्सला तुमच्याकडे राहायला ये, असं तू चौथ्यांदा लिहिलंस, आणि ताई, तुझंच बरोबर आहे. यार्मिलाला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी ब्रनोला तिच्या संसारात. मी एकटा या घरात बटाटे उकडतो, तेही अंदाजाने, कारण कारखान्याचा भोंगा बंद झाल्यापासून गावात कोणालाच बटाटे कधी चुलीवर चढवायचे ते कळत नाही. तेव्हा सप्टेंबरात येतो. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीला रंग लावणार आहेस तर पिवळा नको, एवढंच.

पण बोर्झिवोयच्या बायकोने तुला जे कळवलं त्याचा खुलासा केला पाहिजे. (ती बाई पूर्वी कारखान्याच्या टेलिफोनवर होती आणि अजून स्वतःला ड्युटीवरच समजते.) होय, त्रेसष्टाव्या वर्षी मी वही बगलेत मारून इंग्रजीच्या वर्गाला जातो. मंगळवार आणि गुरुवार, चार वाजता, आपल्या मागमशीनच्या कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये. परदेशी मालकाने अर्धा कारखाना घेतला, त्यामुळे जे कामावर उरलेत त्यांना इंग्रजी शिकायचं आहे, आणि रिकाम्या खुर्च्यांवर पेन्शनरांना फुकट बसू देतात. मी गेलो तो कँटीन गरम असतं म्हणून. घरचा कोळसा वाचतो. (आता जून चालू आहे, हे मला माहीत आहे. मधे बोलू नकोस.)

शिकवतात हाव्रांकोवाबाई. बाईंनी गावच्या शाळेत तीस वर्षं रशियन शिकवलं. मग राज्य बदललं, रशियन कोणाला नको झालं, आणि बाईंना सांगण्यात आलं की आता इंग्रजी शिकवा. त्या आमच्यापुढे बरोबर एक धडा असतात आणि ते लपवतही नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘‘पुढचं विचारू नका, ते मी उद्या शिकणार आहे.’’ त्यांचा नवरा पंधरा वर्षांपूर्वी दात काढायला प्रागला गेला आणि त्या दातांच्या डॉक्टरणीकडेच राहिला, पण तो विषय इथे नाही.

तर बाई काटकसरी. रशियनच्या वेळी हाताने लिहून काढलेला ‘कामगार आणि श्रम’ हा धडा त्यांना टाकून देववेना. त्यांनी रशियन रकाना खोडला, तिथे इंग्रजी घातलं. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात तो म्हणायचा कसा, तिसऱ्यात आपला चेक. हा आमचा सातवा धडा, चौसष्ट शब्द. टर्नर, फोरमन, झाडूवाली, शिफ्ट, ओव्हरटाइम इथपर्यंत ठीक. पण पुढे आदर्श तुकडीचा म्होरक्या, समाजवादी स्पर्धेतला विजेता, कामगार-वीर! ताई, आमची अख्खी तुकडी आज इंग्लंडात उतरली तर चहा मागू शकणार नाही, पण छातीवर पदक लावून घ्यायला आम्ही एका पायावर तयार.

या सातव्या धड्यात मी अडकलो. परीक्षा फळ्यासमोर उभं राहून, बाई वीस शब्द विचारणार. पहिल्या खेपेला, मार्चमध्ये, मी प्रामाणिकपणे नापास झालो. बाईंनी ‘टर्नर’ विचारलं आणि मला म्हातारे मास्तर श्वेत्सार दिसले, कान लेथला लावून म्हणणारे, ‘‘ओल्दा, हिला ताप आलाय, आज हळू चालव.’’ ‘मधली सुट्टी’ विचारली आणि नऊची सुट्टी आठवली, पाव, त्यावर डुकराची चरबी आणि कांदा. यार्मिला विणकाम चाचणीच्या खात्यातून यायची, केसांना सुताचे तुकडे चिकटलेले, आणि माझ्याच पावातला कांदा उचलून म्हणायची, ‘‘तुला याचा वास येतो, म्हणून मी खाते.’’ मी त्याच कँटीनमध्ये उभा होतो गं. ती बसायची ते टेबल माझ्यापासून दोन हातांवर होतं. बाई खडू धरून थांबल्या, सगळा वर्ग थांबला, माझ्या तोंडून ना इंग्रजी निघालं ना चेक. पाच मिळाले, म्हणजे सपशेल नापास. बाईंनी थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हणाल्या, ‘‘झेमानेकसाहेब, पुढच्या महिन्यात पुन्हा.’’

तो चहा फार चांगला होता, लिंबाच्या सालीचा.

सातवा हा शेवटचा धडा. जो पास होतो त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि त्याची खुर्ची पुढच्याला जाते. म्हणून एप्रिलमध्ये मी पुन्हा नापास झालो, आणि मे महिन्यातही. ते सोपं नव्हतं, मार्च अखेरीला मला चौसष्टच्या चौसष्ट पाठ होते. मी पद्धत बसवली. जो शब्द विचारतील त्याच्या खालच्या ओळीतला अर्थ सांगायचा. फोरमनला मी झाडूवाली म्हटलं, कामगार-वीराला आजारपणाची रजा.

मग या सोमवारी बोर्झिवोय घरी आला. (क्रेनवर तीस वर्षं काढल्यामुळे तो खाली उभा राहूनही वरून ओरडल्यासारखं बोलतो.) म्हणाला, ‘‘अरे गाढवा, गुरुवारी जिल्ह्याहून मॅडम येतेय तपासायला! बारापैकी नऊ पास पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद, बाई घरी! आठ झालेत, बाकीचे तिघे दगड आहेत आणि तू सोंगाड्या! कोणासाठी नापास होतोस ते सगळ्या गावाला दिसतंय, आणि तुझ्याचमुळे तिची नोकरी जाणार!’’

ताई, लेथवरच्या चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही नग फुकट गेला नव्हता.

काल गुरुवार. मी लग्नाचा सूट घातला (बटणं सोडून सगळं बसतं). जिल्ह्याच्या मॅडम पुढे बसल्या. बाईंचा खडू फळ्यावर टकटक करत होता. त्यांनी पहिला शब्द विचारला आणि मी थांबलोच नाही. वीस कसले, चौसष्टच्या चौसष्ट सांगितले, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येकापुढे माणसाचं नाव घातलं. टर्नर म्हणजे श्वेत्सार मास्तर, क्रेनवाला म्हणजे हा बोर्झिवोय, स्वयंपाकीण म्हणजे डम्पलिंग मोजून वाढणारी जाडी क्वियेता, विणकरीण म्हणजे माझी यार्मिला.  शेवटचा शब्द पेन्शनर. तिथे मी स्वतःचं नाव घेतलं. मॅडमनी चष्मा पुसला. बाईंनी एक दिला, म्हणजे सगळ्यात वरचा. वर्ग वाचला, आणि माझी खुर्ची गेली.

सगळे गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘तुम्हाला मार्चपासून येत होतं.’’

मी विचारलं, ‘‘कशावरून?’’

‘‘ज्याला काहीच येत नाही त्याचेही विसात दोन-तीन चुकून बरोबर येतात. तुमचे वीसच्या वीस चुकायचे, तेही नेमके एक ओळ खाली. इतकं मापात चुकणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.’’ मग थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, ‘‘आता मंगळवारी चार वाजता काय करणार?’’

आणि ताई, मी मूर्खासारखा म्हणालो, ‘‘कुंपण रंगवणार.’’

असो. प्रमाणपत्र बरोबर घेऊन येईन, तुझ्या दिवाणखान्यात लाव. तब्येतीला जप. भावोजींना पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा,
ओल्दा

ता. क. आईची लाल खड्यांची अंगठी तुझ्या शिवणाच्या डब्यात आहे, ती मंगळवारच्या आत रजिस्टर पोस्टाने पाठव. काकड्यांपेक्षा नीट बांध. यार्मिलाची अंगठी मुलीकडे आहे आणि तिथेच राहील. आईची आहे सतरा मिलिमीटर, बाईंचं बोट साडेसतरा. खडू धरलेला असताना नजरेने मोजलंय. अर्धा मिलिमीटर मी स्वतः वाढवून घेईन.

ता. क. २. त्या खोलीला रंग लावू नकोस. भावोजींना म्हणावं, कॅनरी तिथे हलवा.

ता. क. ३. पण सगळे नको. एका पलंगापुरती जागा रिकामी ठेव. बाईंना मी अजून काहीच विचारलेलं नाही.