पायरीवरची चाळीस मिनिटं

प्रिय कप्तान,

परवा फोनवर तू म्हणालास, "वहिनींबद्दल चार ओळी लिहून पाठव रे. रविवारच्या शोकसभेत मलाच बोलायचंय आणि काही सुचत नाहीये." ऐकून मला हसूच आलं. जन्मभर हेडक्लार्की करताना लोकांच्या रजेच्या अर्जांवर पानपानभर शेरे मारलेस, आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत चहा गार झाला तरी तुझं प्रास्ताविक संपत नाही, आणि माझ्या बायकोबद्दल तुला चार ओळी सुचत नाहीत! बरं, लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं ठिकाणावर नाही. गेले सहा दिवस मी संतापाने नुसता धुमसतोय. त्यामुळे पत्र गोड निघेल अशी आशा धरू नकोस.

आधी तुझ्या भाषणाला उपयोगी पडेल ते घे. ती इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती, एकतीस वर्षं. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं तरी माणूस घाबरलेला आहे की नुसताच वैतागलेला, हे आपल्याला कळतं, असं ती म्हणायची. मी तिला थापाडी म्हणायचो. मग एकदा तिने माझ्याच "हॅलो"वरून ओळखलं की पंपघरात माझा हात मशीनमध्ये सापडलाय आणि मी तो लपवतोय. तेव्हापासून मी फोनवर खोटं बोलणं सोडलं. लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली तेव्हा हिने तिला ताकीद दिली होती, "रोज उठलीस की एक रिंग द्यायची. मी उचलणार नाही, बोलायचं नाही, पण वाजली पाहिजे." लेक करवादायची, "आई, मी काय कैदी आहे का?" एके दिवशी रिंग आली नाही. ही मिळेल त्या बसने तिच्या खोलीवर जाऊन धडकली, तर पोरगी तापाने फणफणलेली, उठून दार उघडायचीही ताकद नव्हती. त्यानंतर लेकीने कधी हुज्जत घातली नाही.

निवृत्तीनंतर तिने तीच युक्ती मंडळात आणली, हे तुला माहीतच आहे. एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांनी सकाळी साडेसातच्या आत तिच्या फोनवर एक रिंग द्यायची. ज्याची आली नाही, त्याच्या घरी ही त्याची किल्ली घेऊन जाणार. किल्ल्यांसाठी फळी मी केली, आकडे मी ठोकले, नावं तिने घातली. एक आकडा वाकडा बसला म्हणून दोन वर्षं माझा उद्धार चालला होता. या नऊ वर्षांत तिने तिघांना वेळेवर इस्पितळात पोचवलं. एकदाच घोटाळा झाला. निवृत्त इन्स्पेक्टरसाहेब रिंग द्यायला विसरले, ही दार उघडून आत गेली, तर साहेब बनियनवर, डोक्याला कलप थापून आरशासमोर. ही घरी येऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पण बाहेर एका शब्दाने कुणाला बोलली नाही. साहेबांना मात्र तो कलप फार झोंबला. त्यांनी तुझ्याकडे तक्रार केली आणि तू नियम काढलास, तीन प्रतींत. यापुढे कुठलंही घर अध्यक्षांच्या लेखी सहीशिवाय उघडायचं नाही.

ती त्या नियमाला हसली नाही, हे भाषणात जरूर सांग. उलट म्हणाली, "बरोबर आहे भावजींचं, लोकांची घरं आहेत ती." कोरे फॉर्म तिने किल्ल्यांच्या फळीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवले. तुझ्यावर तिचा भारी विश्वास. तू मंडळाचा अध्यक्ष म्हणून नव्हे. शाळेत चेंडू तुझा म्हणून कप्तान तू, आणि मी जन्माचा तुझा बारावा गडी, हे तिला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. तुझी बायको गेली तेव्हा तुझी किल्ली मागून घेतली तीही हिनेच. अकरा म्हातारे आणि बारावा तू, असा तो हिशेब होता.

आता त्या अकरांतल्या पोस्टमनकाकांचा दिवस. त्यांची रिंग आली नाही. ही फॉर्म आणि किल्ली घेऊन तुझ्याकडे आली, तुझी सही घेऊन त्यांच्याकडे गेली. काका न्हाणीघरात पडलेले होते, शुद्धीवर नव्हते. संध्याकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. काकांच्या मुलाने परगावाहून लेखी खुलासा मागितला, मंडळाची तातडीची सभा भरली आणि तुझ्या त्या सुवाच्य अक्षरात इतिवृत्तात वाक्य आलं, "स्वयंसेविका अध्यक्षांकडे सव्वाआठ वाजता पोहोचल्या." म्हणजे साडेसातला रिंग आली नाही तरी बाईसाहेब पाऊण तास घरात बसून राहिल्या. ते तू वाचून दाखवलंस, तेव्हा सभेत सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "मी सरळ आत जायला हवं होतं." लोकांना तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. मलाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुला ते वाचायला लावायचंय. दुसऱ्याच आठवड्यात गायनवाल्या बाई आपली किल्ली परत घेऊन गेल्या. मग एकेक करून सगळे. तिने प्रत्येकाला किल्ली पुसून दिली. रस्त्यात लोक नजर चुकवायला लागले. एकट्या तुझी रिंग मात्र रोज येत राहिली, सात वाजून दहा मिनिटांनी, अगदी नेमाने. इतिवृत्तात तिला उशिरा आलेली ठरवलंस आणि रोज सकाळी तिच्याच भरवशावर दाढीला बसायचास! आणि तीही तशीच. तुझी रिंग वाजेपर्यंत चहाचं आधण ठेवायची नाही. पाच महिने हे चाललं आणि एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना तिचा फोन माझ्या हातात वाजला. तू होतास. सवयीने दिली असशील. तेव्हा मला त्याचं बरं वाटलं होतं, आज त्याची शिसारी येते.

गेल्या सोमवारी तुझ्या घराखालचा शिंपी भेटायला आला. तो मंडळात नाही, सभेत काय झालं ते त्याला ठाऊक नाही. आपला सहज आठवण सांगत होता. म्हणाला, "वहिनींचा जीव फार अडकायचा हो लोकांत. त्या दिवशी मी दुकान उघडलं, पावणेआठही वाजले नव्हते, तेव्हापासून त्या पायरीवर बसलेल्या, मुठीत किल्ली. चारदा उठून बेल दाबली. वरून हेडक्लार्कसाहेब खिडकीतून म्हणाले, 'दाढी करतोय वहिनी, आलोच.' मी म्हटलं, जा की तशाच. तर म्हणाल्या, सहीशिवाय नको, मी शब्द दिलाय. सव्वाआठ वाजून गेल्यावर साहेब खाली आले, इस्त्रीच्या शर्टात." मी त्याला चहा दिला की नाही, आठवत नाही. कप्तान, गालाला साबण असताना सही करता येत नाही का रे? आणि बरं, नसेल आलं ध्यानात, तर सभेत तेवढं सांगायला तुझी जीभ का झडली? तू खाली आलास ती वेळ तू तिची म्हणून लिहिलीस. वेळ खोटी नाही लिहिलीस, नुसती माणसं बदललीस. हेडक्लार्कच तू!

तुझी किल्ली या पाकिटात घातली आहे. उद्यापासून त्या नंबरवर रिंग देऊ नकोस, या घरातून तुझ्यासाठी कुणी धावत येणार नाही. मला तुझं वाईट व्हायला हवंय, हे मी शुद्धीवर राहून लिहितोय. पण न्हाणीघरात पडून नव्हे. उभा राहून, सगळ्यांच्या देखत.

म्हणून हे पत्र. भाषणाला मजकूर म्हणून नव्हे. रविवारी इतिवृत्ताची वही घेऊन ये. काकांच्या मुलाला मी बोलावलंय, तो पहिल्या रांगेत असेल. शिंप्यालाही सांगितलंय आणि दुकान बंद ठेवून येतो म्हणालाय. तू ते वाक्य मोठ्याने वाचायचंस आणि खरी वेळ काय होती ते स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. नाही सांगितलंस तर शिंपी सांगेल आणि मग तू गप्प बसलेला सगळ्यांना दिसशील. पण त्याआधी मी बोलणार आहे, कारण मलाही एक वाक्य सांगायचंय. त्या तातडीच्या सभेच्या संध्याकाळी ती घरी येऊन स्वयंपाकघरात उभी होती, दिवाही न लावता. तिला वाटलं असणार, हा तरी विचारेल, नेमकं काय झालं. मी तुझं इतिवृत्त वाचून आलो होतो, तुझं अक्षर होतं, मला विचारायची गरजच वाटली नाही. मी तिला म्हणालो, "जरा लवकर निघायचं होतंस." तिने माझ्याकडे पाहिलं आणि "हो" म्हणाली. माझा तुझ्यावरचा विश्वास मोडायला नको, म्हणून ती पाच महिने तेवढ्या एका "हो"वर जगली. हे मी माईकवर सांगणार, तुझ्या शेजारी उभा राहून, आणि मग माईक तुझ्या हातात देणार.

रविवारपर्यंत तुझाच,
पंपवाला