दोन नळायचा फिल्टर

रविवार संध्याकाळ, पांढुर्णा

समुद्री माशायच्या टाकीत कोरलवर आज पुन्हा शेवाळ दिसलं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून महिनाभर मी फिल्टर शोधून राहिलो. आज ठरवलं, क्षार पार शून्य करणाराच घ्यायचा. मग त्या पाण्यात समुद्री मीठ कालवायचं. मोठ्या हौसेनं बायकोले सांगितलं.

सुनंदा म्हणे, "आधी सारा क्षार काढता अन् मग वरून मीठ टाकता? अन् मले मात्र बोअरचंच?"

महिनाभरात माणसायच्या पाण्याचा विचार एकदाही कसा नाही आला मले?

गुपचूप दोन नळायचा मागवला. एक टाकीसाठी, एक पिण्यासाठी. सुनंदा खूश. "सैपाकघरातच लावू," म्हणे.

म्हणजे आता माशायचं पाणी बदलायचं असलं, तर पह्यले तिले विचारा लागन.