पांढऱ्या कुर्त्याचा नाताळ

अदिस अबाबा, २७ नोव्हेंबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेल्यापासून फोनवर मी एकटाच बडबडतो आणि तुम्ही पलीकडून टिचक्या वाजवता, म्हणून हे पत्र.

इथे इथिओपियात परवा नाताळचा उपास सुरू झाला. त्रेचाळीस दिवस दूध, अंडं, मटण बंद. घरमालकीण मलाही उपाशी ठेवते. नाताळला सगळे पांढरे सुती कपडे घालून पहाटेच चर्चला जातात, घरात हिरवं गवत अंथरतात, कोंबडीचा झणझणीत रस्सा करतात आणि मोठी माणसंसुद्धा वाकड्या काठ्यांनी चेंडू बडवतात. तेवढा सण झाला की लगेच घरी येतो.

लोभ आहेच, राग तेवढा कमी करावा.

तुमचा,
निलय

आदर्श नगर, जयपूर, २५ डिसेंबर

चि. निलय यास,

अ. उ. आ. सण आज, तू उद्या-परवा येशील हे ठाऊक असूनही सकाळी सातपासून गेटकडे तोंड करून बसलो होतो. चारदीवारीतल्या जुन्या बाजारातून पांढरा सुती कुर्ता शिवून आणला, म्हटलं सण तुझ्यासारखा करू. तुझ्या बहिणाबाईने, वल्लरीने, दारात गवत पसरलं, ते गाय खाऊन गेली.

दुपारी वल्लरीने तुला फोन केला तेव्हा कळलं, तिकडचा नाताळ सात जानेवारीला. त्रेचाळीस दिवस तू लिहिलेच होतेस. तेहतीस वर्षं विमा कंपनीत आकडेमोड केली आणि एवढं मोजलं नाही. गाढवपणा माझाच.

डॉक्टर नोव्हेंबरातच म्हणाले होते, वर्षअखेर गाठली तर नशीब. तुला कळवायचं नाही अशी वल्लरीला शपथ घातली. तुझा तिथल्या कामाचा परवाना सणानंतर मिळणार, आधी निघालास तर नोकरी जाईल. वाटलं होतं, तुझी नोकरी आणि आपली भेट, दोन्ही जमेल. आता नाही जमत. पत्र वल्लरीपाशी ठेवतो. तुला फार बघावंसं वाटत होतं रे.

तुझ्यावर राग नाही, हा आशीर्वाद समज.

बाबा

जयपूर, ३१ डिसेंबर

ती. निलयदादास,

सा. न. पुढचं सुचत नाही. काल फोनवर बाबा गेल्याचं सांगितलं, बाकीचं इथे लिहितेय. त्यांचं पत्र सोबत पाठवतेय.

पंचवीस तारखेपासून ते कुर्ता बदलूच देत नव्हते. मी म्हटलं, धुऊन ठेवते, मतलब सात तारखेला परत घालता येईल. त्यांनी पाटीवर लिहिलं की राहू दे. काल त्यातच नेलं. अग्नी मी दिला.

परवाना मिळाला की ये. आता घाई करू नकोस, दादा. वाट बघणारे गेले.

लोभ असू दे, आता तूच आहेस.

वल्लरी